ट्रायआउटच्या आधीचा रविवार

मर्सर काउंटी पार्कातल्या सॉकरच्या मैदानांवर सकाळी सगळ्यांच्या आधी कॅनडा हंस हजर असतात. काळ्या मानेचे, गलेलठ्ठ, माणसाला अजिबात न जुमानणारे. त्यांनी रात्रभर करून ठेवलेली घाण चुकवत दादा घडीच्या खुर्च्या घेऊन पुढे चालला आहे, वहिनींच्या हातात संत्र्याच्या फोडींचा डबा आहे आणि माझ्याकडे सगळ्यांची जॅकेटं. हे न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर. प्रिन्स्टन विद्यापीठ इथून अगदी जवळ. मे महिना असूनही गवत ओलं आहे आणि वारा बोचरा.

भाची केव्हाच पुढे पळाली आहे. पंधरा वर्षांची, नववीतली, डाव्या बाजूची बचावपटू. मी कोल्हापूरहून आले आहे ती तिची आत्या म्हणून, चार दिवस लाड करायला. पण सकाळपासून घरात जे चाललं आहे ते ऐकून वही पिशवीत टाकली आहे. चहा गाळता गाळता वहिनी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "नाही हो, अजून काही कळलं नाही. आज मॅचनंतर डीओसी बोलणार आहेत." डीओसी म्हणजे डायरेक्टर ऑफ कोचिंग, क्लबच्या सगळ्या प्रशिक्षकांचा वरिष्ठ. त्या तीन अक्षरांपाठोपाठ आणखी चार अक्षरं सारखी कानावर येतात: ईसीएनएल.

प्रकरण असं आहे. भाचीचा क्लब 'गर्ल्स अकॅडमी' या लीगमध्ये खेळतो. सगळे तिला जीए म्हणतात. दुसरी तितक्याच दबदब्याची, किंवा इथल्या पालकांना विचाराल तर काकणभर जास्तच दबदब्याची लीग म्हणजे ईसीएनएल. तिनं क्लबला बोलावणं पाठवलं आहे. दोन्ही लीग देशभर पसरलेल्या, दोन्हींत मुलींचे निवडक क्लब. क्लबनं उठून तिकडं जायचं का, यावर सध्या या मैदानावर, रूट वनवरच्या कॉफीच्या दुकानात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर अखंड चर्चा चालू आहे.

"आपल्याकडं कसं," खुर्ची उघडता उघडता दादा म्हणतो, "लीग एकच. केएसएची, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची. पाटाकडील असू दे नाहीतर दिलबहार, सगळ्या तालमी त्याच शाहू स्टेडियमवर. पोरगं तालीम बदलतं, तालीम काय लीग बदलत न्हाई. इथं अख्खा क्लब उठून दुसऱ्या लीगमध्ये जातोय बघ."

"मग जिंकून वर जायचं की."

"तेच तर न्हाई इथं. कितीबी जिंका, गुणांवर आपोआप वरच्या लीगमध्ये जाता येत न्हाई. बोलावणं यायला लागतंय."

दादा बावीस वर्षं इथे आहे, पण फुटबॉलविषयी बोलायला लागला की त्याची भाषा थेट कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत उतरते.

सामना सुरू होतो. समोरचा संघ पेनसिल्व्हेनियातून दोन तास गाडी चालवून आला आहे. पहिल्या दहा मिनिटांतच मला एक गोष्ट कळते: या मुली खेळतात. म्हणजे नुसत्या धावत नाहीत. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहतात, एका स्पर्शात देतात, जागा बदलतात, ओरडून एकमेकींना सांगतात. माझ्या शाळेत मुलींना खेळ म्हणजे लंगडी आणि खो-खो, फार तर थ्रोबॉल. फुटबॉल भाऊ खेळायचे आणि आम्ही त्यांचे चिखलाचे मोजे भिजत घालायचो. इथे सलग आठ मैदानांवर मुलीच मुली आहेत. 1972 साली इथल्या केंद्र सरकारनं टायटल नाइन नावाचा कायदा केला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे. त्यामुळे विद्यापीठांना मुलींचेही संघ उभे करावे लागले आणि त्या संघांना मुली पुरवण्यासाठी खाली क्लबांचं हे जाळं वाढत गेलं. आज विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, डिव्हिजन वनमध्येच, मुलींचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. समोर जे चाललं आहे त्याचं एक टोक तिथे बांधलेलं आहे.

ते टोक मला गोलमागच्या बाजूला दिसतंही. तीन माणसं, दोन बायका आणि एक पुरुष, पालकांपासून लांब उभी आहेत. अंगात विद्यापीठांची नावं छापलेली जॅकेटं, हातात छापील यादी. कुणाशी बोलत नाहीत, हसतही नाहीत. एकजण मधूनच काहीतरी टिपून घेते, आणि तिचं पेन हललं की इकडे सगळ्या पालकांच्या माना तिच्या नजरेच्या दिशेनं वळतात.

"आज तिघंच आहेत," वहिनी मला हळूच सांगतात. "शोकेसला पाहा ताई तुम्ही, रांग लागते रांग. फ्लोरिडाला गेलो होतो तेव्हा बसायला जागा नव्हती."

शोकेस म्हणजे लीगच भरवते ते मोठे मेळावे. दोन-तीन दिवस, शेकडो सामने, आणि बघायला देशभरचे विद्यापीठांचे प्रशिक्षक. लीगचं वजन इथे ठरतं. एका ठिकाणी उभं राहून जास्तीत जास्त चांगल्या मुली दिसतात तिथे प्रशिक्षक जातात. प्रशिक्षक जातात म्हणून क्लबांना तिथे जायचं असतं. आणि क्लब तिथे जातात म्हणून चांगल्या मुली त्या क्लबांत जातात. या रहाटात कोण कुणाला ओढतंय हे सांगता येत नाही.

या संघातल्या पालकांची घालमेल आज जास्त असण्याचं कारण पंधरा जून. विद्यापीठांच्या खेळांची सर्वोच्च संस्था एनसीएए हिचा नियम आहे की मुलीचं दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या पंधरा जूनपर्यंत डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांनी तिच्याशी भरतीबद्दल बोलायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही. भाचीच्या संघातल्या निम्म्याहून जास्त मुली दहावीत आहेत. म्हणजे त्यांचे फोन वाजायला, किंवा न वाजायला, आता जेमतेम महिना उरला आहे. अशा वेळी पुढच्या वर्षी बाहीवर कोणत्या लीगचा बॅज असेल हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटणार?

भाची नववीत असून दहावीतल्यांच्या संघात का, हे मला कालपर्यंत कळत नव्हतं. गेली काही वर्षं वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा जन्मवर्षावर ठरत आला. तिचा जन्म नोव्हेंबरचा. शाळेनं तिला मागच्या तुकडीत घातलं, क्लबनं पुढच्या. आता 2026-27 च्या मोसमापासून बहुतेक संघटना ऑगस्ट ते जुलै असा गट धरणार आहेत, म्हणजे शाळेच्या वर्षाशी जुळणारा. भाची पुन्हा सोळा वर्षांखालच्या गटातच राहील, पण आपल्या वर्गातल्या मुलींबरोबर. आजच्या तिच्या बहुतेक मैत्रिणी वरच्या गटात जातील. थोडक्यात, लीग बदलो न बदलो, हा संघ ऑगस्टमध्ये असाही फुटणारच आहे.

मध्यंतराला गोल एक-एक. संत्र्याच्या फोडी फिरतात. माझ्या शेजारी संघाच्या व्यवस्थापक बाई येऊन बसतात. त्यांची थोरली मुलगी याच क्लबात खेळून पुढे कॉलेजला गेली, धाकटी आज गोलरक्षक आहे. मी लिहिते आहे हे पाहून त्या आपणहून सुरू होतात.

ईसीएनएल 2009 मध्ये चाळीस क्लबांनी सुरू झाली, तेव्हापासूनच तिचा बोलबाला. हा क्लबही पुढे तिच्यात गेला. मग 2017 मध्ये यूएस सॉकर या राष्ट्रीय महासंघानं मुलींसाठी स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली. महासंघाचं नाव, राष्ट्रीय संघाच्या निवडकर्त्यांची नजर. बऱ्याच क्लबांनी ईसीएनएल सोडली. पण अकॅडमीची अट होती की मुलींनी शाळेच्या संघातून खेळायचं नाही.

"तुम्हाला कल्पना नाही," त्या म्हणतात, "शाळेचा संघ म्हणजे काय असतं इथे. शुक्रवारी रात्री दिवे लावून सामना, अख्खं गाव बघायला. माझी मुलगी नववी-दहावीत वर्गातल्या मैत्रिणींचे सामने कुंपणाबाहेरून बघायची. त्या अटीला कंटाळून काही क्लब वर्षा-दोन वर्षांत परत फिरले. आमचा नाही फिरला. आम्हाला सांगितलं होतं, हाच राष्ट्रीय संघाचा रस्ता."

"मग?"

"मग एप्रिल 2020. करोना. महासंघ म्हणाला पैसे नाहीत, अकॅडमी बंद. मागे राहिलेल्या क्लबांपैकी काही ईसीएनएलला गेले आणि बाकीच्यांनी मिळून जीए उभी केली. आम्ही जीएत. माझ्या मुलीनं एकदाही क्लब बदलला नाही, पण तिच्या बाहीवर तीन लीगचे बॅज येऊन गेले." त्या हसतात. "आणि दर वेळी आम्हाला हेच सांगितलं की हा बदल मुलींसाठी आहे."

आता दोन्ही लीग शाळेच्या संघातून खेळू देतात; भाचीही गेल्या शरदात शाळेकडून खेळली. एवढं शहाणपण मात्र त्या तीन वर्षांतून सगळ्यांनाच आलं.

दुसरा अर्धा भाग. भाची आणखी पंधरा मिनिटं खेळते आणि तिला बाहेर काढतात. तिच्या जागी जाते ती मुलगी तिच्याहून उंच आहे आणि खरं सांगायचं तर वेगवानही. दादा काही बोलत नाही, फक्त घड्याळ पाहतो. इथे सगळे पालक मिनिटं मोजतात. वहिनींच्या फोनमध्ये त्याची नोंदही आहे, हे मी पाहिलं आहे आणि पाहिलं नाही असं दाखवलं आहे. उंच काठीवर बसवलेला कॅमेरा चेंडूमागे आपोआप फिरतो आहे. रात्री त्यातून प्रत्येक घर आपापल्या मुलीचे तुकडे कापून विद्यापीठांना पाठवायच्या चित्रफितीत जोडणार. बाकावर बसलेल्या मुलीचं चित्रण मात्र कुठल्याच लीगचा कॅमेरा करत नाही.

सामना दोन-एकनं हरतो.

पालक तंबूखाली गोळा होतात. मुलींना मुद्दाम लांब, पळण्याचे व्यायाम करायला पाठवलं आहे. डीओसी इंग्लंडहून येऊन इथे स्थिरावलेला, चाळिशीचा, उन्हानं रापलेला माणूस आहे. बोलतो नेमकं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा प्रामाणिकपणे.

"काहीही ठरलेलं नाही," तो सुरुवात करतो. "पण मी तुमच्यापासून लपवणार नाही, मला जायचं आहे. कारण साधं आहे. दर मे महिन्यात आमच्या दोन-तीन उत्तम मुली जवळच्या दुसऱ्या क्लबात जातात. तिथलं प्रशिक्षण चांगलं म्हणून नाही. तसं असतं तर मी मान खाली घातली असती. बाहीवरच्या बॅजमुळे जातात. बॅज आमच्याकडे आला तर त्या राहतील आणि बाहेरच्याही येतील."

माना डोलतात. एक आई विचारते की जीएलाही आता एमएलएसची, म्हणजे इथल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगची साथ मिळाली आहे, तर तिचं वजन वाढणार नाही का? वाढेल कदाचित, तो म्हणतो, पण पालक उद्याचं वजन बघून ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, येत नाहीत. प्रवासाचा खर्च विचारला जातो. एका वडिलांनी दोन्हींचे अंदाज तक्त्यात मांडून आणले आहेत. बेरीज जवळपास सारखीच येते. विमान, हॉटेल, भाड्याची गाडी. फीचे काही हजार डॉलर त्याआधीचे. ज्यांना हे जमत नाही ती माणसं मुळात या तंबूखालीच नाहीत. कुणी ते बोलून दाखवत नाही.

मग शिष्यवृत्तीचा विषय निघतो आणि जरा गोंधळ होतो. एकाला वाटतं लीग वरची तर शिष्यवृत्ती नक्की. दुसरे एक गृहस्थ, बहुधा वकील, त्याला थांबवतात. पूर्वी डिव्हिजन वनच्या मुलींच्या संघाला 14 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि प्रशिक्षक त्या तुकडे करून वाटायचे. 2025 मध्ये एनसीएएवरच्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, पण संघात 28 च मुली ठेवायच्या असं बंधन आलं. पूर्वी काही ठिकाणी तीसच्या वर असायच्या. "आणि शेजारचं प्रिन्स्टन," ते बोटानं दिशा दाखवतात, "आयव्ही लीगमधलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. डिव्हिजन थ्रीतही नाही." पहिले गृहस्थ गप्प होतात. मला त्यांची दया येते. वर्षानुवर्षं ते एका आकड्याच्या भरवशावर गाडी चालवत आले आहेत.

एक आई हात वर करते. तिची मुलगी तेरा वर्षांखालच्या संघात आहे. "लीग एका संघाला घेत नाही, सगळ्या वयोगटांना मिळून घेते ना? मोठ्या मुलींचा संघ तिथे टिकेल. माझ्या मुलीचा संघ जीएतच दर आठवड्याला चार-चार गोलांनी हरतो आहे. तिथे काय होईल?"

"पहिलं वर्ष कठीण जाईल," डीओसी म्हणतो.

"तिचं ते तेराव्या वर्षाचं एकच वर्ष आहे," ती म्हणते आणि खाली बसते.

यानंतर बोलतात ते गृहस्थ मागे, तंबूच्या खांबाला टेकून उभे आहेत. पायात सिमेंटचे डाग पडलेले कामाचे बूट, बहुधा इथून थेट कामावर जाणार. बोलतात थोडं.

"बॅज आला की बाहेरून चांगल्या मुली येतील, असं तुम्ही म्हणालात."

"हो."

"संघात मुली विसेक. आकडा वाढणार नाही."

"नाही वाढणार."

"मग आज जिथे आपल्या मुली पळताहेत," ते मैदानाकडे हनुवटी करतात, "त्यातल्या किती जणी पुढच्या वर्षी पहिल्या संघात असतील?"

डीओसी क्षणभर विचार करतो. "मी तो आकडा देऊ शकत नाही. ट्रायआउट सगळ्यांना खुली आहे. काहीजणी दुसऱ्या संघात जातील, आणि दुसरा संघ ईसीएनएलच्या प्रादेशिक लीगमध्ये खेळेल. तीही चांगली लीग आहे."

"म्हणजे आम्ही इथे हात वर करायचे, ते आमच्याच मुलींना खाली उतरवायला."

डीओसी नाही म्हणत नाही. सकाळपासून ऐकलेल्या चर्चेत पहिल्यांदाच कुणीतरी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. लीग बदलण्याचा मुख्य फायदा म्हणून जो सांगितला जातो आहे, चांगल्या मुली येतील हा, तोच या तंबूखालच्या निम्म्या घरांचा तोटा आहे. क्लब मोठा होईल. डीओसीचं नाव होईल. वरच्या सहा-सात मुलींना जास्त कसदार सामने मिळतील, यात शंका नाही. उरलेल्या तेरा-चौदा जणींच्या जागा तेवढ्या पणाला लागतील.

वहिनी विचारतात, "यांचे कोच तेच राहतील का?" प्रश्न इतका साधा की दोघं-तिघं मागे वळून बघतात. डीओसी म्हणतो की प्रशिक्षकांचे करार वर्षावर्षाचे असतात, जूनमध्ये कळेल. माझ्या मते सकाळपासूनचा दुसरा खरा प्रश्न हाच. आठवड्यातले तीन दिवस या मुली ज्या बाईंकडून शिकतात त्या बाई राहणार की नाही हे कुणाला माहीत नाही, आणि बाहीवर कापडाचा कोणता तुकडा शिवायचा यावर मात्र सगळं गाव जागं आहे.

शेवटी अंदाज घेण्यापुरते हात वर करायला सांगतात. बरेच हात वर जातात. मी पाहते, आज ज्यांच्या मुली जास्त वेळ बाकावर होत्या त्यातल्याही काहींचे हात वर आहेत. दादाचा हात खांद्यापर्यंत येऊन कॉलर सारखी करू लागतो. वहिनींचा खालीच. बुटवाले गृहस्थ हात खिशात घालून गाडीकडे निघाले आहेत.

खुर्च्या आवरताना दादा मला ऐकवतो, "टोबिन हीथ याच राज्यातली, बास्किंग रिजची. हेदर ओरायली ईस्ट ब्रन्सविकची. कार्ली लॉइड तर डेलरनची, इथून अर्ध्या तासावर. 2015 च्या वर्ल्ड कप फायनलला जपानविरुद्ध पहिल्या सोळा मिनिटांत तीन गोल मारले बाईनं. लॉइड रट्गर्सला शिकली, इथंच. तिघीबी क्लबात वाढल्या तेव्हा ईसीएनएल न्हवती, जीए तर न्हवतीच."

"मग तू हात का उचलायला लागलास?"

"तेव्हाचा काळ वेगळा हुता," तो म्हणतो. थोडं थांबून म्हणतो, "आणि सगळे उचलत हुते."

गाडीत भाची मागच्या सीटवर बूट काढून पाय वर घेऊन बसली आहे. मोज्यांचा वास काचा खाली करूनही जात नाही. मी विचारते, तुम्हाला मुलींना कुणी काही विचारलं का?

"नाही. पण आम्हाला सगळं माहितेय. इन्स्टावर असतं ना, आत्या."

"तुला काय वाटतं?"

"ईसीएनएल कूल आहे." मग थोड्या वेळानं, "पण मला बेंचवर नाही बसायचं. आज मी फक्त फिफ्टी मिनिट्स खेळले. तिकडे गेलो तर मी बी टीममध्ये जाणार, मला माहितेय. बाबाला सांगू नकोस."

बाबा गाडी चालवतो आहे, त्यानं ऐकलं आहे. वहिनींनीही. तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं, उजव्या बाजूच्या बचावपटूचं, तर ठरलंच आहे. क्लब जावो न जावो, ती पलीकडच्या क्लबात ट्रायआउट देणार. ही बातमी भाची आम्हाला जितक्या थंडपणे देते तितक्या थंडपणे मी वयाच्या पंधराव्या वर्षी वहीची देवघेवसुद्धा केली नसेल.

घरी पोचल्यावर दादा लॅपटॉप उघडतो. क्लबची मेल आलेली आहे. ट्रायआउटच्या तारखा पक्क्या: पुढच्या आठवड्यात दोन संध्याकाळी. जागा देऊ केली की ती पक्की करायला मोजके दिवस, आणि तेव्हा भरलेली अनामत परत मिळणार नाही. लीगविषयीचा निर्णय मात्र "योग्य वेळी कळवण्यात येईल". वहिनी ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचतात. "म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग कळणार कशासाठी भरले!"

दादा माझ्याकडे बघतो. "तू काय म्हणतीस? तुला बाहेरून दिसतंय."

मी त्याला जे सांगते तेच इथे लिहिते. ईसीएनएल वाईट नाही आणि जीएही वाईट नाही. आज मी पाहिलेला सामना कुठल्याही लीगला शोभला असता. ज्या क्लबचे सगळे वयोगट तोडीस तोड आहेत, ज्याचे प्रशिक्षक टिकून आहेत, ज्याच्या मुलींना सध्याच्या लीगमध्ये कसदार सामने मिळत नाहीत, त्यानं खुशाल जावं. या क्लबचं तसं नाही. इथे लहान संघ कच्चे आहेत, प्रशिक्षकांचं ठरलेलं नाही, वयोगटांची फेरमांडणी याच ऑगस्टमध्ये व्हायची आहे. त्यावर आणखी लीगचा बदल लादला तर एका वर्षात मुलींचा संघ, मैत्रिणी, प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी असं सगळंच बदलेल, आणि त्यातलं काय बाधलं हे नंतर कुणाला सांगता येणार नाही. तेव्हा यंदा जाऊ नये. वर्षभर थांबावं, खालचे संघ पक्के करावेत, मग बोलावणं आलं तर घ्यावं.

आणि जायचंच असेल तर क्रम तरी सरळ करा. आधी लीग सांगा, प्रशिक्षक कोण ते सांगा, आणि मग मुलींना ट्रायआउटला बोलवा. दादा तसं पत्र क्लबला लिहायला बसला आहे. एडिसन-प्लेन्सबरोपासून डॅलसकडच्या फ्रिस्कोपर्यंत ज्या मराठी घरांत सध्या हाच अर्ज भरला जातो आहे, त्यांनीही अनामत भरण्याआधी असं पत्र लिहावं आणि उत्तर लेखी मागावं.